जपानी गेम सेंटरमध्ये व्हिडिओ गेम मागे आणि टेडी पुढे का?

जपानमध्ये गेम सेंटर चालवणाऱ्यांची खरी अडचण आहे १०० येनचं नाणं. व्हिडिओ गेमचा डाव वर्षानुवर्षं बहुतेक ठिकाणी १०० येनलाच. १९८९ मध्ये ३ टक्क्यांनी सुरू झालेला उपभोग कर २०१९ मध्ये १० टक्के झाला. पण नाणं टाकायच्या मशीनमध्ये ११० येन मागणार कसे? भुर्दंड मालकालाच. त्यात खेळाडू तरबेज असला, तर एका नाण्यावर मशीन अडवून बसतो.

मग मोक्याची जागा कुणाला? खेळणी उचलणाऱ्या पंजाच्या मशीनला! सेगानं आपलं ‘यूएफओ कॅचर’ १९८५ मध्ये आणलं. डाव काही सेकंदांत संपतो. टेडी थोडक्यात निसटला की दुसरं नाणं पडतंच. गिऱ्हाईक कंटाळलं तर मशीन तेच, आतलं खेळणं फक्त बदलायचं.

अर्थात, गिऱ्हाईक तर यायला हवं. कोरोनात ते आटलं आणि खुद्द सेगानंच २०२० मध्ये आपल्या गेम सेंटर कंपनीचा बहुतांश हिस्सा विकला.