एकेरीचा हिशेब

विम्बल्डनच्या महिला एकेरीत सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणजे मुंबईच्या लीला राव. संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव यांच्या कन्या. साल १९३४. त्या काळी स्पर्धेत रोख बक्षीस नव्हते. लंडनवारीचा खर्च पेलणाऱ्या घरातूनच खेळाडू निघत.

१९६८ साली रोख पारितोषिके आली आणि विषमता आकड्यांत दिसू लागली. पुरुष विजेता रॉड लेव्हर याला २,००० पौंड, महिला विजेती बिली जीन किंग हिला ७५०. स्त्रिया कमी सेट खेळतात, हा युक्तिवाद पुढे अनेक वर्षे चालला. जणू प्रेक्षक तिकीट काढून घड्याळच पाहत बसतो! समान रक्कम मिळावयास २००७ साल उजाडले.

निदान तेथे दोन आकडे तरी होते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीच्या श्रमाला स्वतंत्र आकडाच नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. मुकादमाकडची उचल बहुधा त्याच्या नावावर. ती फेडावयाची मात्र दोघांनी. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला खरा. पण जिची मजुरी वेगळी मांडलीच जात नाही, तिची तुलना कशाशी करावयाची? साखर कारखान्यांनी प्रत्येक कोयत्यामागे दोन नावे नोंदवावीत आणि मजुरी दोन खात्यांत जमा करावी. ऊसदर वाढेपर्यंत त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.