कागद कुणाचा, जमीन कुणाची?

वन खात्याने तीस-चाळीस वर्षांपूर्वी फाडलेली दंडाची पावती एखाद्या कुटुंबाने आजवर पत्र्याच्या पेटीत जपून ठेवावी, याचे शहरातील वाचकाला नवल वाटेल. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल, रावेर, चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातील आदिवासी शेतकऱ्याला मात्र त्या कागदाचे मोल ठाऊक असते. पावतीवर नाव असते, तारीख असते, जागेचा उल्लेख असतो. वनजमीन कसल्याबद्दल झालेल्या दंडाचा तो दाखला, म्हणजे त्या साली ती जमीन तोच माणूस कसत होता याची सरकारनेच दिलेली कबुली. जो कागद एकेकाळी गुन्ह्याचा पुरावा होता, तो २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर हक्काचा पुरावा ठरू लागला.

वनजमिनीचा वाद सामान्यतः 'जंगल वाचवायचे की आदिवासी' अशा शब्दांत मांडला जातो. प्रत्यक्षात दावे ज्या टेबलांवर अडतात, तेथे प्रश्न वेगळा असतो. जमीन कोण कसत होते हे सिद्ध कशाने व्हायचे, आणि ते ठरवायचे कोणी? जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील वनहक्कांचे राजकारण याच प्रश्नाभोवती फिरत आले आहे.

जमीन सरकारची कशी झाली?

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा सातपुडा आणि सह्याद्रीच्या डोंगरांतील भिल्लांनी नव्या सत्तेला सहजासहजी जुमानले नाही. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. त्याच सुमारास भिल्लांना जमीन, बी-बियाणे आणि तगाई देऊन शेतीवर स्थिरावण्याचे धोरण कंपनी सरकारने स्वीकारले. म्हणजे भिल्लांनी नांगर धरावा, ही सरकारचीच इच्छा होती.

अर्ध्या शतकानंतर चित्र पालटले. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने जंगलांचे 'राखीव' आणि 'संरक्षित' असे वर्ग केले. राखीव जंगल जाहीर करण्यापूर्वी लोकांचे हक्क तपासावेत, अशी तरतूद कायद्यात होती. सरकारी अधिसूचना निघाल्यावर किमान तीन महिन्यांची मुदत द्यायची, त्या अवधीत लोकांनी वन जमाबंदी अधिकाऱ्यापुढे हक्क मांडायचे आणि जे मांडले जाणार नाहीत ते संपुष्टात यायचे, अशी ही पद्धत होती. ज्या समाजाचा सारा व्यवहार तोंडी, त्याच्यासाठी ही मुदत कोऱ्या कागदासारखीच होती. दावा नोंदला गेला नाही, म्हणून हक्क नाही. हक्क नाही, म्हणून शेती म्हणजे अतिक्रमण, अशी ही साखळी तयार झाली.

स्वातंत्र्यानंतर ती तुटली नाही. महाराष्ट्र शासनाने १९७८ मध्ये जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. पण २५ ऑक्टोबर १९८० रोजी वन संवर्धन कायदा लागू झाला आणि वनजमीन अन्य कामासाठी देण्यापूर्वी केंद्राची संमती अनिवार्य ठरली. १९८० पूर्वीची अतिक्रमणे तपासून नियमित करावीत, असे केंद्राने १९९० मध्ये कळविले खरे. तथापि बहुसंख्य प्रकरणे तशीच पडून राहिली.

शहाद्याचा धडा

सत्तरच्या दशकात तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा परिसरात आदिवासींचे मोठे आंदोलन उभे राहिले. (शहादा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, तो जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला.) अंबरसिंग महाराज आणि १९७२ मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना यांनी सालदारांची वेतने आणि सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या जमिनी हे प्रश्न ऐरणीवर आणले. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा १९७४ चा कायदा त्याच दशकातील.

खासगी जमीन परत मिळविताना निदान जुना उतारा हाती असे. वनजमिनीच्या बाबतीत तोही नव्हता. महाराष्ट्रातील आदिवासी शेतकऱ्यांच्या दाव्यांसाठी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणाचे महत्त्व येथे आहे. कागद नसेल तर अन्य पुरावाही चौकशीत विचारात घ्यावा, ही भूमिका त्यातून मान्य झाली. पुढे वनहक्क कायद्याच्या नियमांत जी पुराव्यांची यादी आली, तिची मुळे या लढ्यात शोधता येतात.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये डेलगामूक प्रकरणात आदिम समाजांच्या मौखिक इतिहासाला लेखी पुराव्याच्या बरोबरीने स्थान दिले पाहिजे, असा निर्वाळा दिला. ज्यांचा इतिहास लिहिलाच गेला नाही, त्यांच्याकडे केवळ लेखी पुरावा मागणे हा अन्याय आहे, हे तत्त्व जगभर हळूहळू रुजत गेले.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने ३ मे २००२ रोजी अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश दिले आणि देशभरातील आदिवासी भागांत असंतोष उसळला. त्याची परिणती अखेर डिसेंबर २००६ मध्ये संसदेने संमत केलेल्या वनहक्क कायद्यात झाली. आदिवासींवर झालेला 'ऐतिहासिक अन्याय' या कायद्याने प्रस्तावनेतच मान्य केला. नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले.

१३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला ताब्यातील जमिनीवर, कमाल चार हेक्टरपर्यंत, हक्क मिळतो. हक्कपत्र पती-पत्नी दोघांच्या नावे असते. जमीन वारसाने मिळते, विकता येत नाही. गैरआदिवासी वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा निवास सिद्ध करावा लागतो. दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो. तिची वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते. त्यानंतर प्रकरण उपविभागीय समितीकडे आणि अखेर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जाते. ही प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून हटविता येत नाही.

पुराव्यांची यादी व्यापक आहे. शासकीय कागदपत्रे, मतदार यादी, शिधापत्रिका हे तर आहेतच; शिवाय शेतातील बांध, सपाटीकरण, घर, विहीर, स्मशान, देवस्थान अशा खुणा आणि दावेदार नसलेल्या गावातील वृद्धांचा लेखी नोंदवलेला जबाबही चालतो. यांपैकी किमान दोन पुरावे पुरेसे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केले की, समित्यांनी विशिष्ट कागदाचाच आग्रह धरू नये, आणि उपग्रह छायाचित्र अन्य पुराव्यांना पूरक असावे, पर्याय नव्हे. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये, केवळ उपग्रह छायाचित्राच्या आधारे दावे फेटाळता येणार नाहीत, असे सांगितले.

नकार कुठे होतो?

कायदा इतका स्पष्ट असताना दावे फेटाळले का जातात? उत्तर बरेचसे कार्यपद्धतीत आहे. जुन्या उपग्रह छायाचित्रात झाडोरा दिसला, म्हणून शेती नव्हती असा निष्कर्ष काढला जातो. सातपुड्याच्या उतारावरचे बांधावर मोहाची झाडे राखलेले पावसाळी शेत उन्हाळ्यातील छायाचित्रात ओळखू येईलच, असे नाही. वृद्धांचा जबाब फाइलीत असतो, पण निर्णयात त्याचा उल्लेख नसतो. नकाराची कारणे लेखी कळविणे बंधनकारक असूनही दावेदाराला कित्येकदा काहीच कळत नाही, आणि अपिलाची साठ दिवसांची मुदत टळून जाते.

याची किंमत २०१९ मध्ये दिसली. ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून हटवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी रोजी दिला. पंधरा दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, त्याला स्थगिती मिळाली आणि दावे कोणत्या प्रक्रियेने फेटाळले, याचा खुलासा राज्यांकडे मागण्यात आला. टेबलावरच्या एका शेऱ्यावर एका कुटुंबाची भाकरी अवलंबून असते, हे त्या पंधरा दिवसांत देशाला कळले.

खानदेशात या प्रश्नावर संघटना सातत्याने रस्त्यावर उतरल्या आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकसंघर्ष मोर्चाच्या नेतृत्वाखाली हजारो आदिवासी शेतकरी ठाण्याहून पायी मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचले. वनदाव्यांचा निपटारा ही त्यांची प्रमुख मागणी होती. मे २०२० मध्ये राज्यपालांनी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून, जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे अपील करण्याची सोय केली. मूळ कायद्यात जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम होता. त्यामुळे ही सुधारणा मोलाची. मात्र हा अधिकार अनुसूचित क्षेत्रापुरता आहे. जळगाव जिल्ह्यात चोपडा, रावेर आणि यावल तालुक्यांतील काही गावेच या क्षेत्रात येतात. शेजारच्या, क्षेत्राबाहेरच्या गावातील आदिवासीला हे दार उघडत नाही.

जंगलाचे काय?

दुसरी बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. १९६९ मध्ये जाहीर झालेले सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे यावल अभयारण्य आणि शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य हे खानदेशाच्या उष्ण पठाराचे उरलेसुरले हिरवे छत्र आहे. २००५ नंतरची नवी अतिक्रमणे आणि वृक्षतोड यांनी यावलच्या जंगलाची हानी केली आहे. अशा अतिक्रमणांना वनहक्क कायदा कोणतेही संरक्षण देत नाही.

किंबहुना जुना दावेदार आणि नवा अतिक्रमक यांत फरक करण्याचे सर्वांत विश्वासार्ह साधन गावच आहे. कोणाचा नांगर कोणत्या साली कोणत्या उतारावर फिरला, हे गावातील वृद्ध सांगू शकतात. याच कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंसाधनाचे रक्षण करण्याचा अधिकारही दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूची वाहतूक करण्याचा परवानाही ग्रामसभेच्या हाती आला. तेंदूपाने, डिंक, मोह, चारोळी यांवर जगणाऱ्या सातपुड्यातील गावांनाही हाच मार्ग आहे. वैयक्तिक पट्ट्यांच्या गदारोळात तो मागे पडला.

'वन' या शब्दाचा वापर दोन मापांनी होतो, ही आदिवासींची तक्रारही निराधार नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात पवनचक्क्यांसाठी वनजमीन देण्यात आली, तेव्हा सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेसारख्या संघटनांनी विरोध केला. कसणाऱ्याला तीच जमीन वन म्हणून नाकारली जाते आणि प्रकल्पाला मात्र मिळते, हे कसे? अशा हस्तांतरणापूर्वी ग्रामसभेची संमती हवी, असे केंद्राने २००९ मध्ये कळविले होते. ओडिशातील नियमगिरी खाणीबाबत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपविला आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी मात्र केंद्राच्या अंतिम मंजुरीपूर्वी ही संमती तपासण्याची अट काढून ती जबाबदारी राज्यांवर टाकली. त्यामुळे गावाचा आवाज मंजुरीनंतर ऐकला जाण्याची भीती निर्माण झाली आहे.

शेवटी प्रश्न विश्वासाचा आहे. शासनाचा नकाशा, उपग्रहाचे छायाचित्र आणि गावाची आठवण, या तिन्हींना कायद्याने पुराव्याचा दर्जा दिला. पहिल्या दोहोंवर विश्वास ठेवणे यंत्रणेच्या अंगवळणी पडले आहे. तिसऱ्यावर विश्वास ठेवण्याची सवय अजून लागायची आहे. ती लागेपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याच्या घरांत दंडाच्या जुन्या पावत्या जपून ठेवल्या जातील.