सांडपाण्याचा उजेड आणि सामू

डोंबिवली आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत रंग, औषधे आणि त्यांची मध्यस्थ रसायने तयार होतात, आणि त्यांपैकी अनेकांच्या रेणूत बेंझिनचे वलय कार्बोनिल गटाला, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेल्या कार्बनला, जोडलेले असते. अतिनील प्रकाशात पाणी उजळते का, एवढे पाहून अशा द्रव्यांचा माग काढणे सोपे वाटते. परंतु पाण्याची आम्लता ठाऊक नसेल, तर तो माग चुकीच्या दिशेने नेतो.

या कुळातील साधा रेणू म्हणजे बेंझोफिनोन. अतिनील प्रकाश मिळताच त्याच्या ऑक्सिजनवरील मोकळ्या जोडीतील एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि सुमारे 10 पिकोसेकंदांत रेणू त्रिक अवस्थेत, म्हणजे जिच्यातून प्रकाश सहजासहजी सुटत नाही अशा अवस्थेत, घसरतो, त्यामुळे प्रतिदीप्ती, म्हणजे तत्काळ बाहेर पडणारा प्रकाश, जवळजवळ दिसतच नाही. तीव्र सल्फ्युरिक आम्लात मात्र त्याच मोकळ्या जोडीवर प्रोटॉन बसतो, ती वाट बंद होते, सर्वांत खालची उत्तेजित अवस्था वलयाच्या इलेक्ट्रॉनांची ठरते आणि रेणू प्रतिदीप्त होतो.

एवढे तीव्र आम्ल नाल्यात नसते, कारण नदीत सोडण्याच्या सांडपाण्यासाठी सामूची, म्हणजे आम्लता मोजण्याच्या अंकाची, मर्यादा 5.5 ते 9 अशी आहे. तरीही वलयावर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, असलेली संयुगे याच मर्यादेत आपले रूप पालटतात. कुमारिन कुळातील अंबेलिफेरॉन सामू 7.7 च्या आसपास प्रोटॉन सोडून आयन बनते आणि हा आयनच 365 नॅनोमीटरच्या दिव्याखाली ठळक निळा उजळतो. सामू 5.5 असताना त्याचा एक टक्काही भाग आयनरूपात नसतो, ठाण्याच्या खाडीत भरतीबरोबर शिरणाऱ्या समुद्राच्या पाण्याच्या सामूला, म्हणजे सुमारे 8 ला, तो दोन-तृतीयांश होतो, तर 9 ला पंचाण्णव टक्क्यांवर जातो.

म्हणजेच कायद्याच्या मर्यादेत बसणाऱ्या दोन नमुन्यांत द्रव्याचे प्रमाण अगदी सारखे असूनही एक अंधारा आणि दुसरा उजळ दिसू शकतो. म्हणून उल्हास किंवा वालधुनी नदीतून घेतलेल्या नमुन्याचा सामू नोंदवून, तो उभयरोधी द्रावणाने, म्हणजे सामू टिकवून धरणाऱ्या बफरने, स्थिर करून मगच प्रकाश मोजणे योग्य. आणि तोच नमुना आम्लधर्मी व अल्कधर्मी अशा दोन्ही स्थितींत मोजल्यास उजेडातील फरकावरून त्यातील द्रव्य कोणत्या प्रकारचे असावे, याचाही अंदाज बांधता येतो.