नेत्राभिष्यंद : आधी निदान, मग औषध

पावसाळ्यात ‘डोळे येण्याची’ साथ आपल्याकडे नवी नाही. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये आळंदी परिसरातील शाळकरी मुलांत सुरू झालेली साथ पाहता पाहता राज्यभर पसरली. अशा वेळी प्रत्येक लाल डोळा हा साथीचाच समजला जातो आणि चिकित्सालयात व औषधांच्या दुकानात निदानाआधीच थेंबांची बाटली हाती पडते. हे घातक ठरू शकते.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात वातज, पित्तज, कफज व रक्तज असे अभिष्यंदाचे चार प्रकार वर्णिले आहेत. टोचणी, खुपणे, कोरडेपणा व थंड अश्रू हे वाताचे; दाह, उष्ण अश्रू व थंडाव्याची इच्छा हे पित्ताचे; कंडू, जडपणा, सूज, चिकट स्राव व उष्णतेची आवड हे कफाचे; तर तांबूस अश्रू व डोळ्यांत सर्वत्र रक्तवर्ण रेषा हे रक्ताचे लक्षण होय. आधुनिक शास्त्रानुसार साथीच्या विकारास बहुधा अ‍ॅडिनोव्हायरस किंवा एन्टेरोव्हायरस कारणीभूत असतात. विषाणूवर प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही. व्याधी बहुधा एक ते दोन आठवड्यांत आपोआप शमते.

अभिष्यंद की अन्य काही?

अभिष्यंदाची उपेक्षा झाल्यास अधिमंथ होतो. त्यात डोळा उपटून घुसळल्यासारखी तीव्र वेदना होते व अर्धे डोके दुखते. मिथ्या उपचार झाल्यास कफज अधिमंथ सात, वातज सहा व रक्तज पाच रात्रींत दृष्टी नष्ट करतो आणि पित्तज तर तत्काळ, असा इशारा सुश्रुतांनी दिला आहे. म्हणून प्रत्येक रुग्णास पुढील गोष्टी विचाराव्यात व तपासाव्यात.

स्राव पुसल्यावर दिसणे पूर्ववत होते का? वेदना खुपण्यापुरती आहे की खोल व तीव्र? प्रकाश असह्य होतो का? दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात का, मळमळ होते का? बाहुली दोन्ही डोळ्यांत सारखी आहे का? कृष्णमंडलावर पांढरा ठिपका दिसतो का? डोळ्यास मार लागला आहे का, किंवा रुग्ण कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो का? यांपैकी काहीही संशयास्पद आढळल्यास, तसेच नवजात बालकाच्या डोळ्यातून पू येत असल्यास, घरगुती वा दुकानी उपचार न करता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

चिकित्सा

अभिष्यंदाच्या आमावस्थेत लंघन, लघु व उष्ण आहार आणि विश्रांती ही मूळ चिकित्सा होय. लंघन रुग्णाचे वय व बल पाहूनच द्यावे. या अवस्थेत अंजन व तर्पण टाळावे. स्थानिक उपचारांत यष्टिमधु, गैरिक, सैंधव, दारुहरिद्रा व रसांजन यांचा बिडालक उपयुक्त आहे. तो पापण्यांचे केस सोडून बाहेरून लावावा, डोळ्यात जाऊ देऊ नये. त्रिफळा क्वाथाचा सेक करावयाचा असल्यास तो गाळून, कोमट करून मिटलेल्या डोळ्यावर करावा. येथे एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. उकळून कापडाने गाळलेला क्वाथ स्वच्छ असतो; पण निर्जंतुक असतोच असे नाही. म्हणून उघड्या डोळ्यात तो घालू नये. आश्च्योतनासाठी निर्जंतुक पद्धतीने तयार केलेले, मोहोरबंद व मुदतीतील नेत्रबिंदूच वापरावेत. मध, गुलाबपाणी, मातेचे दूध वा कोणताही अंगरस डोळ्यात घालण्यास ठामपणे मनाई करावी.

औषधविक्रेत्यांस विनंती

डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारख्या स्टिरॉइडचे थेंब लाली झपाट्याने कमी करतात. म्हणूनच ग्राहक ते मागतो. परंतु हर्पिस विषाणूचा व्रण असल्यास हेच थेंब व्रण वाढवून कृष्णमंडल कायमचे निकामी करू शकतात. दीर्घकाळ वापराने नेत्रांतर्गत दाब वाढतो व मोतीबिंदू होतो. प्रतिजैविकासोबत मिश्रण केलेल्या बाटलीवरही हे नाव बारकाईने वाचावे. ही औषधे चिठ्ठीवाचून देऊ नयेत. शेजाऱ्याची उरलेली बाटली वापरू नये, हेही ग्राहकास सांगावे.

संसर्गाविषयी

स्पर्श, सहशय्या, वस्त्र व अनुलेपन यांतून संक्रमण होणाऱ्या रोगांत सुश्रुतांनी नेत्राभिष्यंदाचा उल्लेख केला आहे. आजही बोट, टॉवेल, उशी व काजळाची डबी हेच मार्ग आहेत. केवळ पाहिल्याने डोळे येत नाहीत. रुग्ण तपासल्यावर साबणाने हात धुवावेत, टॉर्च पुसून घ्यावी, ड्रॉपरचे टोक पापणीस लागू देऊ नये आणि स्राव थांबेपर्यंत मुलांना शाळेत पाठवू नये.

साथीत शंभर रुग्णांचे डोळे आपोआप बरे होतात. वैद्याची कसोटी लागते ती त्या गर्दीत वेगळा असलेला एक डोळा ओळखण्यात.