सांभाळणाऱ्या हातांचा हिशेब

बुधवार पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर एक ताई राहतात. मुलगा एकोणीस वर्षांचा. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याला उठवणे, भरवणे, न्हाऊ घालणे सारे ताईंनाच करावे लागते. यजमान बँकेत नोकरीला. मार्च आला की ते कागद काढून बसतात. परवा ताईंनी विचारले, "यांना याच्यापायी करात सूट मिळायची. पण दिवसभर राबते मी. माझे नाव कुठल्या रकान्यात?"

प्रश्न साधा आहे, उत्तर साधे नाही.

1961 च्या आयकर कायद्यातील कलम 80डीडी प्रमाणे अपंग पती-पत्नी, मुले, आईवडील किंवा भावंडे यांचा सांभाळ करणाऱ्याला उत्पन्नातून ठरावीक वजावट मिळे. अपंगत्व 40 टक्के वा अधिक असेल तर 75 हजार, 80 टक्के वा अधिक असेल तर 1 लाख 25 हजार. खर्चाच्या पावत्या दाखवायची गरज नाही, प्रमाणपत्र पुरे. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या कुटुंबाचे यातून वर्षाला उपकरासह 26 हजार वाचत. वाचत ते कर भरणाऱ्याचे. ज्याला करच नाही त्याला वजावटीचा उपयोग शून्य. हमालाच्या किंवा सफाई कामगाराच्या घरातली माउली या हिशेबात कधी नव्हतीच.

आता नवी करपद्धत आली आहे. तिच्यात ही वजावट नाही. 2025-26 पासून पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत करच पडत नाही, त्यामुळे अनेकांना ती फायद्याची. मात्र अंथरुणाला खिळलेला मुलगा असलेले घर आणि धडधाकट मुलांचे घर एकाच मापाने मोजले जाते. पगार त्याहून मोठा असेल तर दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करून मगच कार्यालयाला कळवावे. 2025 च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेही पाहून घ्यावे.

गरिबासाठी संजय गांधी निराधार अनुदान आहे. 1980 ची ही योजना. अपंगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2500 रुपये, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत हवे. या पैशावर कर लागतो का, असे काहीजणी विचारतात. अहो, कर लागण्याइतके उत्पन्न असेल तर अनुदानच मिळत नाही!

विलायतेत आठवड्याला किमान 35 तास सांभाळ करणाऱ्याला स्वतंत्र भत्ता आहे. तो करपात्र आहे, मात्र आजारी वृद्धाला मिळणारा मदतनीस भत्ता करमुक्त. भत्ता करपात्र धरला म्हणजे सरकारने त्याला उत्पन्न मानले, म्हणजे काम मानले. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेतून सांभाळणाऱ्याला महिना 600 रुपये ठरले. रक्कम तुटपुंजी, पण हात ओळखला. आपल्या 2016 च्या अपंग हक्क कायद्यातही, ज्यांना फार मदत लागते त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. तिला "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" अशी मेख मारलेली आहे. 'अपंग'चे 'दिव्यांग' करायला मात्र कुवत लागली नाही.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे, म्हणून सरकारने या खर्चाचा वाटा उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. सांभाळाचा खर्च हा घरचा खासगी मामला नाही, हे सार्वजनिक अर्थशास्त्राचा तो पंडित जाणत होता. याच बुधवार पेठेत भिडेवाड्यात 1848 साली मुलींची शाळा सुरू झाली. वाडा 2023 च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला गेला. त्या शाळेच्या सावित्रीमाई 1897 च्या प्लेगात रोग्यांची सेवा करतानाच गेल्या.

ताईंच्या मुलाचे प्रमाणपत्र मुदतीचे होते, ते संपत आले आहे. पुढच्या आठवड्यात त्याला रिक्षात घालून पुन्हा सरकारी दवाखान्यात न्यायचे आहे. माडीचा जिना अरुंद. खाली उतरवायला दोन माणसे लागतात, आणि यजमानांची रजा मंजूर व्हायची आहे.