आवरण्याआधीचा हिशोब

श्रावण लागला की गिरगावातल्या अक्षरजुळणीच्या दुकानांत दिवाळी सुरू होते. अंकांची पानं लागत असतात, जाहिराती शेवटच्या घटकेला येतात आणि मुद्रितं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असतात. गेल्या वर्षी नेमक्या त्याच दिवसांत मुगभाटातल्या एका ओळखीच्या दुकानातून फोन आला.

"काका, मशीन पानं सेव्हच करत नाहीये. डिस्क भरलीय म्हणतंय. तुम्ही या आणि जुनंपानं सगळं एकदाचं उडवून टाका."

दुकान सासऱ्यांनी खिळ्यांच्या जमान्यात काढलेलं, आता सून चालवते. मी म्हटलं, "येतो. पण मी येईपर्यंत एकही फाइल काढू नकोस."

असं म्हणण्यामागे कारण होतं. मी संगणक कुठल्या वर्गात शिकलो नाही. बी. कॉम. झालो, छापखान्यांचे हिशेब लिहिता लिहिता त्यांच्या संगणकांची दुरुस्ती करू लागलो. वीसएक वर्षांपूर्वी अशाच एका दुकानात मी 'जुने' नावाचा फोल्डर काढून टाकला. नावच 'जुने', आणि तारखाही दोन वर्षांपूर्वीच्या. एका ज्येष्ठ लेखकांनी दुसऱ्या आवृत्तीसाठी पानापानावर केलेल्या दुरुस्त्या त्यात उतरवलेल्या होत्या. कागदी मुद्रितं रद्दीत गेली होती आणि लेखक तोवर वारले होते. ती आवृत्ती पहिल्या आवृत्तीच्या चुकांसकट निघाली. मी वाचवलेली जागा आजच्या पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावली असती. तेव्हापासून 'साफसफाई परवडते का' हा प्रश्न मी वहीत हिशोब मांडून सोडवतो.

जागेची टंचाई छपाईला नवी नाही. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावर. या पद्धतीत मजकूर दगडावर उमटवतात. छपाई झाली की दगड घासायचा आणि त्यावर नवा मजकूर घ्यायचा. चांगला दगड बव्हेरियाहून येई, त्यामुळे एकेक मजकूर जपून ठेवायला दगड परवडत नसत. पुढे शिशाच्या खिळ्यांचा काळ आला. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, त्याच्या टाइपांचं नाव देशभर झालं. तिथेही खिळे मोजकेच. फर्मा छापून झाला की जुळवलेलं पान सोडवायचं आणि एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. पानं तशीच बांधून ठेवली तर पुढच्या पुस्तकाला अक्षरं कुठून आणणार?

म्हणजे तेव्हा जागा मोकळी करणं हा धंद्याचाच भाग होता, आणि तो परवडतही असे. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दगड घासला जाई किंवा खिळे सुटत ते छापील प्रती हातात आल्यावर. मजकूर दुसरीकडे सुखरूप असे. संगणकाच्या बाबतीत आपण नेमकी हीच पायरी विसरतो.

आता हिशोब बघू. दुकानात गेल्यावर मी आधी फायली मोजल्या. चार संगणकांवर मिळून कामाच्या साधारण चाळीस हजार. प्रत्येक फाइल उघडून 'ठेवू की काढू' ठरवायला दहा सेकंद धरले तरी चार लाख सेकंद होतात, म्हणजे १११ तास. रोज आठ तास बसलं तर चौदा दिवस. त्या चौदा दिवसांचा पगार एका पारड्यात आणि काही हजारांत मिळणारी एक टीबीची डिस्क दुसऱ्या पारड्यात ठेवा. फाइल-फाइल चाळून केलेली साफसफाई जवळजवळ कधीच परवडत नाही.

शिवाय जागा खातं कोण? युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला साधारण तीन बाइट लागतात. पन्नास हजार शब्दांचं पुस्तक धरा, शब्दामागे मोकळ्या जागेसह सहा चिन्हं. नऊ लाख बाइट झाले, म्हणजे एक एमबीच्या आत. उलट ए-फोर आकाराचं एकच रंगीत पान तीनशे डीपीआयला स्कॅन करून न दाबता साठवलं, तर ते सव्वीस एमबीचं होतं. त्या एका पानाच्या जागेत अठ्ठावीस-एकोणतीस पुस्तकांचा मजकूर बसतो. म्हणून फायली आकाराप्रमाणे लावायच्या आणि वरच्या शंभरच बघायच्या. आमच्याकडे त्या शंभरांत निम्म्याहून अधिक जाहिरातींचे स्कॅन निघाले, तेही तीन-तीन प्रतींत.

सफाई नक्की परवडते अशा तीन जागा मला दिसतात. पहिली, विंडोज ज्या डिस्कवर आहे ती भरली असेल तर. तिथे मोकळी जागा नसेल तर तात्पुरत्या फायलीही लिहिता येत नाहीत आणि मशीन अडतं. एसएसडी गच्च भरली तर तिचा लिहिण्याचा वेगही उतरतो. तात्पुरत्या फायली, ब्राउझरचा साठा, अपडेटनंतर मागे राहिलेलं सामान हे सगळं विंडोजच्याच सोयीने अर्ध्या तासात काढता येतं. हे मशीनने स्वतः बनवलेलं, गरज पडली तर तेच पुन्हा बनवेल. मात्र अर्धी डिस्क रिकामी असताना आणखी रिकामी केल्याने संगणक पळायला लागत नाही.

दुसरी जागा त्या शंभर मोठ्या फायलींची. तिसरी, दुसऱ्यांच्या खाजगी कागदांची. छपाईच्या दुकानात लग्नाचे बायोडेटा आणि आधार कार्डांचे स्कॅन वर्षानुवर्षं पडून असतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख स्पष्ट आहे: काम संपलं की माहिती पुसावी. इथे प्रश्न जागेचा नाही, विश्वासाचा आहे.

हात लावू नये अशाही जागा आहेत. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात, आणि कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं किमान आठ आर्थिक वर्षं. डाउनलोड्सचा फोल्डर तर आपल्या धंद्यात हस्तलिखितांची पेटीच असते, कारण लेखकांचे मजकूर मेलने तिथेच उतरतात. २०१८ च्या एका विंडोज आवृत्तीत सफाईच्या यादीत हा फोल्डरही आला होता. पुढे तो काढला गेला. यादी न वाचता सगळ्यावर खूण करणाऱ्यांनी हे आठवावं. आणि जुने फॉन्ट! युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली, तर समोर निव्वळ चिन्हांचा काला येतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली आली, पण त्यातली पुस्तकं आजही पुनर्मुद्रणाला येतात. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याचा हक्क राहतो. पुस्तकाचं आयुष्य संगणकाच्या आयुष्यापेक्षा कितीतरी मोठं असतं.

'आलम आरा' हा भारतातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी आपल्या गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या काळच्या कितीतरी चित्रफिती त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी भंगारात गेल्या. ज्यांनी त्या दिल्या त्यांचा त्या दिवसाचा हिशोब बरोबरच असणार. चांदीला भाव होता, जुन्या चित्रपटाला नव्हता.

म्हणून माझा नियम शिळाछापवाल्यांचाच आहे: हे पुन्हा बनवता येईल का, किंवा याची प्रत दुसरीकडे आहे का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर दगड घासायचा नाही.

मुगभाटातलं काम एका दुपारीत आटपलं. तात्पुरतं सामान आणि स्कॅनच्या जादा प्रती काढल्या, आधार कार्डं पुसली, मशीन चालू झालं. दोन डिस्क विकत आणल्या आणि कामाच्या सगळ्या फायली फॉन्टसकट दोन्हींवर उतरवल्या. एक दुकानाच्या कपाटात राहिली, दुसरी ती डोंबिवलीला घरी घेऊन गेली. जाताना तिने विचारलं, "काका, आता निर्धास्त ना?"

"दर दिवाळीला दोन्ही डिस्कवरच्या पाच-दहा फायली उघडून बघ," मी म्हटलं. "न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरू नये."

यंदाही तिचा फोन आला. एका डिस्कवरच्या दोन फायली उघडत नव्हत्या. दुसरीवरच्या उघडल्या.