हौस पुरवा, कर्ज नको

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कामाला असलेले, आमच्या एका विद्यार्थ्याचे अब्बू परवा भेटले. मुलाला मुंग्या, फुलपाखरांचे फोटो काढायचेत. हप्त्यावर मॅक्रो लेन्स घेऊ का, असं विचारत होते.

आम्ही म्हणालो, "भाईजान, जरा थांबा. कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स घरात आहेच. दोन्हींच्या मध्ये ५० मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब बसवा. मुंगी सेन्सरवर जवळपास खऱ्या आकाराएवढी उमटेल. ट्यूबमध्ये काच नसते, म्हणून ती स्वस्त पडते."

अडचण एकच. लेन्स अगदी जवळ न्यावी लागते, फुलपाखरू उडून जातं. मुंग्या, फुलं टिपत वर्षभर गोडी टिकली, तर पैसे साठवून ९० किंवा १०० मिमीची मॅक्रो घ्यावी. ती जरा लांबून तेवढंच मोठं चित्र देते.